डाव्या कानाची खाच

दर मंगळवारी सकाळी संपादकबाई वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा कोणाच्या तरी टेबलावर आणून टाकायच्या आणि ज्याच्या टेबलावर तो पडे त्याचा आठवडा वाया जाई. त्या मंगळवारी तो खोडरबरच्या टेबलावर पडला. पत्रांना उत्तरं देणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. "चार ओळी लिहायच्या, गोड बोलायचं, संपलं," संपादकबाई म्हणाल्या. खोडरबरला गोड बोलता येत नाही हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. बाईंनाही ठाऊक होतं, पण दुसरं कोणी रिकामं नव्हतं.

खोडरबर हे त्याचं नाव नव्हे, काम. ते ऑफिस एका परदेशी मंगामालिकेची, म्हणजे चित्रकथेची, भाषांतरित आवृत्ती काढत असे. मंगात आवाजसुद्धा चित्रावरच लिहिलेले असतात. दार आपटलं की त्या आपटण्याची भलीमोठी परकी अक्षरं माणसांच्या डोक्यांवरून, भिंतींवरून आडवीतिडवी गेलेली. ती खोडली की खाली पांढरं भगदाड उरतं. त्या भगदाडात मूळ चित्रकाराने काय काढलं असतं ते ओळखून काढायचं आणि असं काढायचं की कोणाला शंका येऊ नये, हे खोडरबरचं काम. मग शेजारच्या टेबलावरची अक्षरवाली तिथे आपली अक्षरं बसवायची. या सगळ्याच्या आधी एक सोपस्कार असे. मूळ पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं, म्हणून प्रत्येक पान आरशात धरल्यासारखं उलटवून घ्यायचं. पान उलटलं की माणसंही उलटतात. उजव्या हाताने चहा पिणारा डाव्या हाताने पिऊ लागतो. बावीस वर्षं हेच करत असल्यामुळे खोडरबरला त्यात काही विशेष वाटत नसे.

मालिका गुप्तहेराची होती. एक दातांचा डॉक्टर फावल्या वेळात खून उकलतो. सात जणांची एक टोळी, त्यातले सहा पकडले गेलेत, सातवा कोणी पाहिलेलाच नाही. तो वेश बदलतो. कधी भाजीवाला, कधी न्यायाधीश, कधी खुद्द डॉक्टरच्या दवाखान्यातली नर्स. चौदा खंड झाले तरी सातवा कोण ते चित्रकाराने सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर पंधरावा खंड कोण घेणार, असं खोडरबरचं स्पष्ट मत होतं. वाचकांचं तसं नव्हतं. वाचक थिअऱ्या लिहीत.

त्या थिअऱ्या म्हणजे रिकाम्या डोक्यांचा बाजार होता. घरमालकीण सातवी आहे, कारण ती डावखुरी आहे. (मालिकेतले सगळेच डावखुरे होते, पान उलटवल्यामुळे. हे पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं असे, पण थिअरी लिहिणारा माणूस पहिलं पान वाचत नाही.) डॉक्टरचा कुत्राच सातवा आहे, कारण पाचव्या खंडात त्याचा पट्टा एक भोक घट्ट आहे. एका मोठ्या बँकेतल्या मोठ्या अधिकाऱ्याने तर चाळीस पानांचा तक्ता पाठवला होता, कोण कुठल्या पानावर किती वेळा डोळे मिटतो याचा. घरी बायकोने डोळे मिटले तरी याच्या लक्षात येणार नाही, खोडरबर पुटपुटला.

आणि त्या सगळ्यांवर कडी म्हणजे कानसेन. हे त्याने स्वतःच घेतलेलं नाव. त्याचा सिद्धांत असा, की वेश बदलणारा चेहरा बदलेल, आवाज बदलेल, चाल बदलेल, पण कान बदलता येत नाहीत. म्हणून त्याने मालिकेतल्या सगळ्या पात्रांचे कान गोळा केले होते. इंटरनेटवरच्या वाचकांच्या गटात लोक त्याला गुरू मानत. त्याच्या मंगळवारच्या पत्रात एकच चित्र होतं, अकराव्या खंडातलं, पान चौऱ्याऐंशी. दार धाडकन उघडलंय, आत डॉक्टर घुसतोय, आणि मागे स्टुलावर इस्पितळाचा पहारेकरी बसलाय. कानसेनने त्याच्या डाव्या कानाभोवती लाल वर्तुळ काढलं होतं. कानाच्या वरच्या कडेला एक छोटी खाच. "याआधी या पहारेकऱ्याच्या कानाला खाच नव्हती," त्याने लिहिलं होतं. "हा तो नव्हे. हाच सातवा."

खोडरबर इतक्या जोरात हसला की अक्षरवालीने कानातला हेडफोन काढला.

"काय झालं रे?"

"काही नाही. जगात मूर्ख फार."

कारण तो कान खोडरबरनेच काढला होता.

झालं होतं असं. त्या चौकटीत दाराचा 'धाड' पहारेकऱ्याच्या डोक्यावरूनच गेला होता. खोडल्यावर कानाच्या जागी भगदाड. रीतसर करायचं तर दुसऱ्या एखाद्या चौकटीतून पहारेकऱ्याचा कान उचलून इथे बसवायचा. पण तो रविवार होता, काम घरी आणलेलं, आणि समोर खिडकीत दादा पेपर वाचत बसला होता. डावी बाजू अलीकडे. खोडरबरने मान वर केली, दादाचा कान बघितला आणि चार मिनिटांत काढून मोकळा झाला. हात आपोआप चालला, त्यामुळे कानाबरोबर खाचही आली. संपादकबाईंना हे कळलं असतं तर त्यांनी खोडरबरचाच कान धरला असता.

दादा म्हणजे त्याचा सख्खा मोठा भाऊ. चष्म्यांचं दुकान होतं त्याचं. खोडरबरने लग्न केलं नव्हतं, तो दादा-वहिनींकडेच राहायचा. दादाच्या त्या खाचेत कायम एक पिवळी पेन्सिल अडकवलेली असे. गिऱ्हाइकाच्या नाकाचं, कानाचं माप लिहायचं आणि पेन्सिल परत कानावर. "देवाने स्टँड दिलाय," म्हणायचा. देवाने नव्हे, खोडरबरने दिला होता. तो सहा वर्षांचा होता, दादा अकराचा. न्हावी-न्हावी खेळताना त्याने आईच्या कात्रीने दादाचे केस कापले आणि केसांबरोबर कानही. रक्त बघून हाच भोकाड पसरून रडला. दादा कान दाबून धरून म्हणाला, "रडू नकोस. मी नाही सांगत कोणाला." आईला त्याने सांगितलं, दाराच्या खिळ्याला अडकला. आईला, शाळेत, पुढे वहिनींनाही, सगळ्यांना खिळाच सांगितला. पन्नास वर्षांत कात्री हा शब्द दोघांनी एकमेकांतसुद्धा काढला नव्हता. खोडरबर जगात कोणालाच फारशी किंमत देत नसे. दादाला देत असे, ती यामुळे.

तर खोडरबरने कानसेनला पत्रांच्या सदरात उत्तर दिलं. "कानसेन यांनी आधी स्वतःचे कान तपासून घ्यावेत." ऑफिसात ते उत्तर फार गाजलं.

त्याच आठवड्यात एकदा सकाळी चहा देताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांची पेन्सिल हल्ली फार पडते हो."

"बदला म्हणावं."

"बदलली. तीही पडते."

खोडरबरने मान डोलावली आणि पेपर वर धरला. पेन्सिल पडते ही काय सांगायची गोष्ट आहे?

कानसेनचं दुसरं पत्र पुढच्या मंगळवारी आलं. त्यात उत्तराचा राग नव्हता, नुसती चित्रं होती. आठ. तिसऱ्या खंडात बागेतल्या बाकावरचा म्हातारा. पाचव्यात बँकेतला शिपाई. सहाव्यात शस्त्रक्रियेला उभा असलेला एक डॉक्टर, तोंडावर मास्क. चेहरे वेगळे, वयं वेगळी, आणि प्रत्येकाच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला तीच खाच.

खोडरबरला आधी राग आला. कोणीतरी आपली थट्टा चालवलीय, चित्रांशी खेळ करून पाठवलाय. त्याने कपाटातून छापील खंड काढले. तिसरा उघडला. बाक, म्हातारा, कान. खाच होती. या चौकटीला त्याचा हात कधी लागलाच नव्हता, तिथे खोडायला अक्षरंच नव्हती.

ऑफिसात भर दुपारीही उजेड नसे. पडद्यावर चमक येते म्हणून खिडक्यांना काळे पडदे लावलेले. संगणकांच्या पंख्यांची घरघर आणि जुन्या कागदांचा कुबट वास. त्या काळोखात खोडरबरने परदेशातून आलेली मूळ पानं उघडली, न उलटवलेली. तिथेही म्हातारा होता आणि खाच होती, फक्त उजव्या कानाला, मूळ पानात असायला हवी तशी. बँकेतल्या शिपायालाही होती. शेवटी त्याने अकराव्या खंडाचं चौऱ्याऐंशीवं पान उघडलं. इथे तरी कान नसणार. इथे तो 'धाड' होता, कानाच्या बरोब्बर वरून गेलेला. आपणच तर तो खोडला.

'धाड' होता, पण दोन बोटं सरकलेला. एखाद्याला वाट द्यायला बाजूला व्हावं तसा. त्या मोकळ्या जागेत दादाचा कान होता.

"तू मूळ पानांना हात लावलास का?" त्याने अक्षरवालीला विचारलं. आवाज त्याचा त्यालाच बारीक वाटला.

"मी कशाला लावू? मूळ पानं उघडायची परवानगी तुलाच आहे."

तिसरं पत्र आलं तेव्हा त्याने ते दार लावून वाचलं. कानसेनने लिहिलं होतं, "मी चुकलो." (हे वाक्य त्या माणसाने जन्मात पहिल्यांदाच लिहिलं असावं.) "खाचवाला सातवा नाही. सातवा वेश घेतो. याला कोणीतरी वेश घातलाय. चित्रं नीट बघा. हा गोष्टीतल्या कोणाकडेच बघत नाही. दर वेळी पानाच्या बाहेर बघतो. ज्याने त्याला तिथे बसवलं, त्याच्याकडे."

भिकार थिअरी, खोडरबर मनाशी म्हणाला. सातवीतल्या पोराची. मग त्याने चित्रं बघितली. म्हातारा, शिपाई, मास्कवाला डॉक्टर आणि पहारेकरी, सगळे त्याच्याकडे बघत होते. रागाने नव्हे. गर्दीत हात सुटलेला माणूस ओळखीचा चेहरा शोधतो तसे.

तो तडक दुकानात गेला.

दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चारही भिंतींना आरसे, कपाटांत रिकाम्या चौकटींच्या रांगा. दादा काउंटरमागे बसून काच घासत होता. खोडरबर दारातच थांबला. दादाने कागदावर काहीतरी लिहिलं, पेन्सिल डाव्या कानावर ठेवली. पेन्सिल घसरली. टक्. दादा वाकला, उचलली, परत ठेवली. टक्. परत वाकला. त्याच्या तोंडावर त्रास नव्हता, आठी नव्हती. तो हे सकाळपासून करत असता तरी त्याला काही वाटलं नसतं, असं त्याचं तोंड होतं. टक्.

खोडरबर जवळ गेला. डावा कान गुळगुळीत होता. वरची कड अखंड, कधी काही झालंच नसल्यासारखी.

"दादा... तुझ्या कानाला काय झालं?"

"कुठे काय झालंय?"

"खाच होती ना तुझ्या कानाला."

"कसली खाच?" दादा हसला. पण शब्द संपून जरा वेळ गेल्यावर हसला. "तू बस ना. चहा मागवू?"

खोडरबर बसला नाही. मन म्हणत होतं, हा दादा नाही. मग लगेच म्हणत होतं, हे कानसेनचं वाक्य आहे. आयुष्यभर ज्या लोकांच्या नावाने नाक मुरडलं त्यांच्या पंक्तीला तो भर दुपारी येऊन बसला होता. आता तोही कान बघत होता, हात बघत होता, डोळे किती वेळा मिटतात ते मोजत होता. दादाने तेवढ्या वेळात एकदाही डोळे मिटले नाहीत.

घरी त्याने वहिनींना गाठलं. त्या स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"वहिनी, दादाचा कान..."

"हळू बोला." त्यांनी मागे वळून बघितलं नाही. "महिने झाले भाऊजी... मी कोणाला सांगणार? डॉक्टरला सांगू, की नवऱ्याचा कान बरा झाला?"

"आणि बाकी?"

"बाकी सगळं नीट आहे. वेळेवर उठतात, वेळेवर झोपतात. भांडत नाहीत." त्यांनी गॅस बारीक केला. "हे कधी न भांडता राहिलेत का हो?... मला ते परत हवेत."

त्या रडल्या नाहीत. त्यापेक्षा रडल्या असत्या तर खोडरबरला सोपं गेलं असतं. कात्रीची गोष्ट त्यांना सांगावी असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण ती त्याने दादाच्या शब्दावर पन्नास वर्षं पोटात ठेवली होती, ती आता बाहेर येईना.

मात्र काय करायचं ते त्याला कळलं, किंवा कळलंसं वाटलं. खाच आपल्या हातून पानात गेली. पानातली मिटवली की ती दादाच्या कानावर परत येईल आणि तिच्याबरोबर दादाही. या कामात आपल्याहून वाकबगार माणूस नाही. बावीस वर्षांचा हात आहे. आणि अर्धवट काम त्याला आवडत नसे. उलटवलेल्या पानांवर एकेक ठिकाणी खोडत बसण्यात काय अर्थ? मूळच साफ केलं की पुढचं सगळं आपोआप साफ. त्याने मूळ पानं उघडली आणि नऊच्या नऊ ठिकाणी ती खाच बुजवली. म्हातारा झाला, शिपाई झाला, मास्कवाला झाला. कड इतकी बेमालूम जुळवली की खुद्द चित्रकाराला सांगता आलं नसतं. शेवटी पहारेकरी उरला. त्याचा कान बुजवून खोडरबर मागे टेकला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की पहारेकऱ्याचं तोंड उघडं आहे. मघाशी ते मिटलेलं होतं की काय, ते त्याला नक्की आठवेना. काम सुंदर झालं होतं. त्याने पान बंद केलं.

तिथून तो जवळजवळ पळतच दुकानात गेला. आत एक गिऱ्हाईक होतं, दादा आत कपाटाशी उभा, दारातून दिसत नव्हता. पण समोरच्या आरशात दिसत होता. डावा कान, कानावर खाच आणि खाचेत पिवळी पेन्सिल, घट्ट बसलेली. खोडरबरचे डोळे भरून आले. तो असा माणूस नव्हता, पण आले. गिऱ्हाइकावर दादा खेकसत होता, "नाक तुमचं वाकडं, त्याला मी काय करू?" तोच आवाज, तीच मिजास.

"दादा!"

दादा आरशातून बाहेर वळला.

पेन्सिल उजव्या कानावर होती. खाचही उजव्या कानाला. घड्याळ दुसऱ्या मनगटावर, केसांचा भांग दुसऱ्या बाजूने. आरशात दादा अगदी पूर्वीचा दिसत होता आणि आरशासमोर हा उभा होता.

खोडरबरला आपली चूक तेव्हाच कळली. ती चूक त्याच्या ऑफिसातल्या माणसाखेरीज जगात कोणी करू शकलं नसतं. दादाला त्याने आत घातलं होतं उलटवलेल्या पानातून. बाहेर काढायला गेला तो मूळ पानातून, पान उलटवायला विसरून.

गिऱ्हाईक जाईपर्यंत तो थांबला. मग त्याने विचारलं, "दादा... तुझा कान कसा रे लागला होता? लहानपणी?"

"हे काय आता मध्येच? खिळ्याला. दाराच्या."

"आपण दोघंच आहोत इथे."

"मग?" दादाने भुवई उचलली. "दोघं असलो म्हणून खिळा बदलतो का?"

त्याला तेवढंच माहीत होतं जेवढं सगळ्यांना माहीत होतं. खोडरबर काउंटरला धरून उभा राहिला. 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी वहिनींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. सकाळी भांडण झालं म्हणे, चहात साखर कमी पडल्यावरून. कित्ती दिवसांनी! त्याने सांगायला तोंड उघडलं तशी त्यांनी हात वर केला.

"पेन्सिल राहते ना आता कानावर?"

"वहिनी, तो कान..."

"राहते ना?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मग बास, भाऊजी. आता काही शोधू नका... मला कळत नाही असं समजू नका, पण बास."

पंधराव्या खंडाची पानं आली तेव्हा खोडरबर कामात होता. दुसरं करणार काय? मूळ पानांत आणि उलटवलेल्या पानांतही त्याने ती खाच परत काढून बघितली होती, दहा वेळा. दर वेळी ती नुसती खाच निघाली. म्हाताऱ्याचे, शिपायाचे डोळे आता पानातच होते, गोष्टीतल्या माणसांकडे वळलेले. तिथे कोणी राहिलं नव्हतं. अक्षरवाली आवाजांची यादी करत होती. "हा एक आवाज बघ रे," ती म्हणाली. "अगदी बारीक अक्षरात आहे, कोपऱ्यात. 'टक्'. जवळजवळ दर पानावर येतो. कशाचा आहे कळत नाही. काढून टाकू या का?"

त्याने चित्र मोठं केलं. बाजारातली गर्दी, आणि गर्दीच्या मागे एक माणूस वाकून जमिनीवर काहीतरी शोधतोय. पुढच्या पानावर रेल्वेचा फलाट, आणि तिथेही एक माणूस वाकलेला. त्याच्या पुढच्या पानावर न्यायालय. चेहरा कधीच दिसत नव्हता. कान दिसत होते. दोन्ही साबूत, बेमालूम, चार लोकांसारखे. ज्या एका खुणेने त्याला ओळखता आलं असतं ती खोडरबरने स्वतःच्या हाताने मिटवली होती. तशी ती कोणाला मिटवता आली नसती.

त्या दिवशी त्याने आयुष्यातली पहिली थिअरी लिहिली. खोटं नाव घेऊन, वाचकांच्या गटात. वेशच तो. "मागे वाकलेला माणूस दर वेळी एकच आहे का? त्याला बाहेर कसं काढता येईल?" तासाभरात कानसेनचं उत्तर आलं. "पार्श्वभूमी भरायला चित्रकार अशी माणसं काढतात, एवढंही कळत नाही? कानात काहीसुद्धा विशेष नाही. तुम्ही आधी स्वतःचे कान तपासून घ्या." त्याखाली एकशेबारा जणांचे हसरे चेहरे होते.

खोडरबर त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे बघत बसला होता तेव्हा अक्षरवालीने परत हाक मारली.

"अरे, त्या वाकलेल्या माणसाला शेवटच्या पानावर संवादाचा एक फुगा आहे. एकच शब्द. संदर्भच लागत नाही."

"काय म्हणतोय?"

"'कात्री.'" तिने खांदे उडवले. "नुसतं 'कात्री'. ठेवू की काढू?"

खोडरबर खुर्ची ओढून तिच्या पडद्याजवळ गेला. "ठेव," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरात ठेव."

खंड बाजारात आला. वाचकांचं डोकं अर्थातच फिरलं. कात्री म्हणजे सातवा शिंपी आहे. नाही, न्हावी आहे. नाही, कात्री हे एका गावाचं नाव आहे. बँकेतल्या अधिकाऱ्याने कात्र्यांचा तक्ता सुरू केला. एकालाही साधी अक्कल नव्हती की कोणीतरी कोणालातरी ओळख पटवून देतंय.

नंतरच्या रविवारी खोडरबर बाहेरच्या खोलीत आला तेव्हा दादा खिडकीत बसला होता. हातात पेपर नव्हता. पंधरावा खंड होता. दादाने जन्मात मंगा वाचली नव्हती, ही पोरांची चोपडी म्हणायचा. तो शेवटच्या पानावर थांबला होता आणि त्याचं बोट फुग्यावर होतं.

"काय रे हे, कात्री?" त्याने विचारलं. वर न बघता. "कशाबद्दल बोलतोय हा?"

"मला नाही माहीत," खोडरबर म्हणाला.

"तुला माहीत आहे." आवाज प्रेमळ होता, अगदी दादाचा. "मला सांग ना. मला तेवढंच माहीत नाही."

स्वयंपाकघरात वहिनींच्या भांड्यांचा आवाज थांबला. खोडरबरने नकारार्थी मान हलवली. दादाने उजव्या कानावरची पेन्सिल काढली, डाव्या हातात धरली आणि त्या वाकलेल्या माणसावर ती फिरवायला लागला. घाई न करता, आधी पाय, मग पाठ, मग वाकलेली मान. चित्रावर काळी छाया चढत गेली. कान शेवटी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात खोडरबरने शेवटचं मूळ पान उघडलं. गर्दीच्या मागे तिथे एक सावली होती, दाट, माणसाएवढी. फुगा नव्हता.

"ही सावली कधी आली?" त्याने विचारलं.

"मुळातच आहे की," अक्षरवाली म्हणाली. "आणि पुढच्या छपाईआधी हे बघ, इथे खाली तुझं ते 'टक्' राहून गेलंय. खोडतोस ना?"